आरोपी क्रमांक दोन

सांग्याच्या कोर्टात पंखा एकच फिरायचा,
तो साहेबांच्या डोक्यावर.
खाली बाकावर आई, मी,
आणि अगदी टोकाला इनासची मावशी,
फ्रॉकच्या खिशात जपमाळ घेऊन.

गुन्हा एकच होता:
बंद खाणीवरचा पाण्याचा पंप.
माझा भाऊ सगुण, आरोपी क्रमांक एक.
इनास, दोन.

आम्ही वकील केला.
वकील करतात, जसा नवस करतात, जसं कर्ज करतात.
मडगावचे भाटीकर.
पहिला हप्ता आईच्या पाटल्या,
दुसरा माझं पिकोचं मशीन,
तिसरा मी अजून फेडते आहे
शाळेच्या गणवेशांवर,
एका बाहीचे किती, एका काजाचे किती.

इनासला वकील मिळाला.
रेशन मिळतं तसा, असेल तेव्हा, असेल तो.
पहिला एकदाच आला
आणि इनास समजून माझ्या भावाशी बोलून गेला.
दुसऱ्याचं फक्त नाव आलं, कागदावर.

खोटं कशाला बोलू?
नवव्या दिवशी सगुण घरी होता.
कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो
हे भाटीकरांना पाठ होतं.
त्या एका गोष्टीसाठी मी पाटल्या पुन्हा विकेन.

इनास सात महिने कोलवाळला.
मावशी चार बस बदलून जायची.
त्यानं मक्त्यानं घेतलेल्या डोंगरावर
काजूची बोंडं पडून सडली,
वास आमच्या अंगणापर्यंत यायचा.
सगुण जेवताना खिडकी लावून घ्यायचा.

मग तिसरी आली. प्रज्योती वेळीप.
कोटाची बाही मनगटाशी उसवलेली
(माझं लक्ष आधी तिथंच गेलं),
बसमधून उतरून थेट आत, जेवणाच्या डब्यासकट.
तिनं मावशीला विचारलं,
तो पंप कुणी उचलून पाहिलाय का?
आम्ही इतके दिवस वकिलांना एकच विचारत होतो,
पुढची तारीख कधी.

पंच साक्षीला उभा राहिला तेव्हा
भाटीकर म्हणाले, आधी तुम्ही करा, बाई.
तिनं आवाज चढवला नाही.
'जीपमध्ये पंप किती जणांनी चढवला?'
'चौघांनी. मी, दोन शिपाई, ड्रायव्हर.'
'सोपं गेलं?'
'कुठलं हो! माझी कंबर अजून धरते.'
'आणि या दोघांनी तो स्कूटरवरून आणला.
उतरणीनं. रात्री.'
हा प्रश्नच नव्हता.
पंच तरीही हो म्हणाला,
मग स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.
टायपिस्टची बोटं हवेत तशीच,
साहेबांनी चष्मा काढून फाईलवर ठेवला.

भाटीकर उठले. कोट सारखा केला.
'आरोपी क्रमांक एकच्या वतीनं हीच उलटतपासणी स्वीकारतो.'
बसले.
सात शब्द. मी बोटांवर मोजले,
सवयच आहे.

दोघेही सुटले.
पायऱ्यांवर मी वेळीपबाईंना गाठलं, हात जोडले.
त्या म्हणाल्या, 'मी तुमची वकील नव्हते.'
रागानं नाही,
तारीख सांगावी तसं.
म्हटलं, निदान बाही तरी टाचून देते.
त्यांनी घड्याळ पाहिलं.
केप्याला आणखी एक होता, दोन वाजता,
त्याचंही त्यांनी अजून तोंड पाहिलं नव्हतं.

माझ्या पर्समध्ये सुई होती, काळा दोरा होता.

इनास खालच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता,
बराच वेळ, एकच नाडी.
सगुण चार हात लांब उभा.
'चल,' तो म्हणाला.
कुणाला, ते मला कळलं नाही.
इनास उठला नाही.